नाशिकमध्ये धंदा नवा आहे? ओळखी जोडताना काय करावं, काय टाळावं

अंबडला माझं कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. खोका सगळ्यांनाच लागतो. सातपूरच्या इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्याला लागतो, दिंडोरीच्या द्राक्ष निर्यातदाराला लागतो, सिन्नरच्या फरसाणवाल्यालाही लागतो. त्यामुळे जिल्ह्यातल्या बऱ्याच वर्तुळांत माझं येणं-जाणं असतं. नव्याने धंद्यात उतरलेली मंडळी अधूनमधून येऊन बसतात. कोणी कर्ज काढून व्हीएमसी (धातूचे पार्ट कापणारं, संगणकावर चालणारं मशीन) घेतलेलं असतं, कोणी पुण्याची नोकरी सोडून परत आलेलं, कोणी घरचा मसाला पाकिटात घालून विकायला लागलेली. माल कसा बनवायचा ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. अडतं ते एकाच ठिकाणी: ओळखी कुठून काढायच्या आणि काढल्यावर टिकवायच्या कशा. त्यांना तोंडी जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी नाशिकबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. शहर पार पाथर्डी फाट्याच्या पुढे गेलं, पण धंद्याचं वर्तुळ लहानच राहिलं. अंबडचा टूलरूमवाला आणि पिंपळगाव बसवंतचा पॅकहाऊसवाला एकमेकांना ओळखत नसतील, पण दोघांचा सीए किंवा ट्रान्सपोर्टर एकच निघतो, नाहीतर सोयरीक तरी निघते. अशा गावात कोणी तुमच्यासाठी एखाद्या परचेस मॅनेजरकडे शब्द टाकतो, तेव्हा तो स्वतःचं नाव पणाला लावत असतो. तुमचा माल उशिरा गेला तर पहिला फोन तुम्हाला येत नाही, त्याला जातो. खाली जे काही सांगतो आहे त्यातलं निम्मं तरी एवढ्यावरूनच निघतं.

१. कोणाला भेटायचं ते आधी कागदावर उतरवा

"मोठ्या कंपन्यांत ओळख हवी" हे काही ठरवणं झालं नाही. महिंद्रा, बॉश, सिएट, एबीबी ही नावं प्रत्येकाच्या यादीत असतात आणि तिथे थेट व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद, मिळायला नव्या माणसाला वेळ लागतो. त्यांना माल पुरवणारे, आणि त्या पुरवणाऱ्यांना जॉबवर्क (त्यांच्या मालावर मजुरीने काम) करून देणारे, अशी खाली मोठी उतरंड आहे. नव्या माणसाचं पहिलं काम बहुतेक वेळा या उतरंडीतूनच येतं.

यादीत कंपनीचं नाव लिहून थांबू नका. आत कोण तुमचा माल वापरतं ते शोधा. परचेसवाला ऑर्डर काढतो हे खरं, पण जुन्या पुरवठादाराचा माल खराब येतोय ही ओरड आधी स्टोअरमधून किंवा क्वालिटीतून उठते. मेंटेनन्सचं काम असेल तर मेंटेनन्सच्या साहेबाला भेटल्याशिवाय परचेसला भेटून उपयोग नसतो.

यादीचे तीन भाग करा. पहिल्यात संभाव्य ग्राहक. दुसऱ्यात, तुमच्याच ग्राहकाला दुसरं काहीतरी विकणारे. माझ्या बाबतीत ते लाकडी पॅलेटवाले, स्ट्रेच फिल्मवाले आणि ट्रान्सपोर्टर. नवा गाळा सुरू होतोय, नवी लाइन बसतेय, ही बातमी त्यांना तुमच्याआधी कळते आणि तुमच्याशी त्यांची स्पर्धा नसते. तिसऱ्या भागात तुमच्याच धंद्यातले लोक. नवखा माणूस यांच्यापासून लांब पळतो. पण मशीन बंद पडलं किंवा लॉट अंगावर आला की जादा काम बाहेर द्यावं लागतं, आणि ते ज्याच्याशी बोलणं आहे त्यालाच दिलं जातं. त्यांच्याकडून तुम्हाला कळेल की कोणती पार्टी पैसे बुडवते. ही माहिती दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

घरचे आणि जिवलग मित्र या यादीत कमीच असतील, त्याची काळजी करू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्याने विचारलं की ज्याच्यामुळे नोकरी कळली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे सुमारे १७ टक्केच निघाले. बाकीच्यांना ती बातमी अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळली होती. कारण साधं आहे: रोज भेटणाऱ्याला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते.

२. बाहेर पडण्याआधी हे जवळ ठेवा

- उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक (लागू असेल तर), पॅन, रद्द केलेला चेक. या चारही गोष्टींची एकच पीडीएफ करून फोनमध्ये ठेवा. व्हेंडर फॉर्म आला की त्याच दिवशी भरून देता येतो.
- व्हिजिटिंग कार्ड. त्यावर तुम्ही काय बनवता हे एका ओळीत, मराठी किंवा इंग्रजीत, पण वाचता येईल अशा अक्षरात. देवाचे फोटो, सात फोन नंबर आणि "ऑल टाइप्स ऑफ वर्क" नको.
- एका पानाची माहिती: मशीन कोणती, कोणत्या मापापर्यंत काम होतं, किती नग, साधारण किती दिवसांत, आणि तपासणीची साधनं कोणती.
- सॅम्पल. खिशात किंवा गाडीच्या डिकीत मावेल असं. दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा हातात दिलेला पार्ट जास्त बोलतो.
- व्हॉट्सॲप बिझनेसवर नाव, पत्ता, कामाचे फोटो. फोटो तुमच्याच कामाचे हवेत. इंटरनेटवरून उचललेला फोटो जाणकार लगेच ओळखतो.
- एक वही. हो, कागदाची. पुढे सांगतो कशाला.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवरून होते आणि तिला एक रुपयाही फी नाही. तरीही "उद्यम काढून देतो" म्हणत हजार-दोन हजार घेणाऱ्यांच्या वेबसाइट सरकारी असल्यासारख्या दिसतात. सायबर कॅफेवाल्याला भरून देण्याचे पैसे द्यायला हरकत नाही, पण फी म्हणून कोणी मागितले तर उठून या.

३. कुठे जायचं: गट, संघटना आणि प्रदर्शनं

नाशिकमध्ये जागा भरपूर आहेत. सगळीकडे जाऊ नका. कोणती कशासाठी, ते आधी समजून घ्या.

*औद्योगिक संघटना.* सातपूरची निमा आणि अंबडची आयमा या कारखानदारांच्या संघटना. यांचं मुख्य काम वीज, रस्ते, पाणी, घरपट्टी असले प्रश्न महापालिका, एमआयडीसी आणि महावितरणपुढे मांडणं. ऑर्डर वाटणं हे त्यांचं काम नाही, आणि "मेंबर झालो, काम मिळालं नाही" ही तक्रार म्हणूनच चुकीची आहे. पण तिथल्या समित्यांत काम केलंत तर जे लोक एरवी गेटवरून आत घेणार नाहीत ते शेजारी बसलेले असतात. माझ्या अनुभवात सगळ्यात टिकाऊ ओळखी अशाच झाल्या, रस्त्यावरच्या दिव्यांचं निवेदन लिहिता लिहिता. निमा इंडेक्ससारखं औद्योगिक प्रदर्शन असलं की आधी प्रेक्षक म्हणून जा. स्टॉल पुढच्या वेळी. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स ही १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली राज्यभराची संस्था. व्यापारी, कारखानदार आणि शेतीप्रक्रियावाले तिथे एकत्र दिसतात.

*रेफरन्सचे गट.* बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) हा सभासदांनी एकमेकांना काम सुचवायचा गट, त्याचा साचा ठरलेला आहे: दर आठवड्याला सकाळी लवकर बैठक, एका धंद्याचा गटात एकच सभासद, गैरहजर राहायचं तर बदली माणूस पाठवायचा, कोणी कोणाला किती काम दिलं याची नोंद. सॅटर्डे क्लब ही मराठी उद्योजकांची चळवळ माधवराव भिडे यांनी सुरू केली. तिथलं वातावरण जास्त घरगुती, बोलणं मराठीत. या गटांत सीए, इंटिरिअर, विमा, केटरिंग, प्रिंटिंग, सोलर, प्रवास असल्या सेवांना लवकर फायदा होतो, कारण प्रत्येक सभासद स्वतःच ग्राहक असतो. पाच मायक्रॉनच्या टॉलरन्सचं, म्हणजे अगदी बारीक मापाचं, ग्राइंडिंग करणाऱ्याने मात्र विचार करून पैसे भरावेत. तुमचा ग्राहक त्या खोलीत बसलेलाच नसतो.

कोणत्याही गटात आधी पाहुणा म्हणून जाऊन या. वार्षिक फी, बैठकीचा खर्च आणि कार्यक्रमांची वर्गणी असे तीनही आकडे लेखी मागा. "आज भरलंत तर सीट, नाहीतर तुमच्या धंद्यातला दुसरा घेतोय" असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन घरी या. घाई करायला लावणाऱ्या गटात पुढेही सगळं घाईनेच चालतं.

*शेतीकडची बाजू.* हिच्याकडे शहरातले नवे उद्योजक बघतच नाहीत, आणि ही नाशिकची खरी श्रीमंती आहे. लासलगाव, पिंपळगावचा कांदा-टोमॅटो, दिंडोरी-निफाडची द्राक्षं, मोहाडीची सह्याद्री फार्म्स, गंगापूर धरणाकडच्या वायनरी. यांना शीतगृहाची दुरुस्ती, पॅकिंग, लेबल, फॅब्रिकेशन, सॉफ्टवेअर, मजुरांची वाहतूक सगळं लागतं. फक्त वेळ पाळा. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाच्या हंगामात पॅकहाऊसच्या मालकाला "जरा ओळख करून घ्यायची होती" म्हणून फोन करू नका. पावसाळ्यात जा, छाटणी सुरू व्हायच्या आधी. तेव्हा माणूस निवांत बसून बोलतो.

*जिल्हा उद्योग केंद्र.* केंद्राची पीएमईजीपी आणि राज्याची सीएमईजीपी या रोजगार योजनांच्या कर्ज-अनुदानासाठी लोक इथे येतात. पण रांगेत आणि प्रशिक्षणात भेटणारे तुमच्यासारखेच नवे असतात. पुढे तेच मोठे होतात.

आणि रविवार सकाळची मिसळ. हिला कोणी संघटना म्हणत नाही, पण गंगापूर रोडच्या बाजूला मळ्यातल्या मिसळीच्या टेबलांवर किती गाळ्यांचे सौदे ठरले असतील देव जाणे. कोणी बोलावलं तर जा. बिल द्यायला हात पुढे करा, पण ओढाताण करून तमाशा करू नका.

४. पहिल्या भेटीत काय बोलायचं

उभ्या उभ्या अर्धा मिनिट मिळतो. नमुना बघा.

असं नको: "आमची कंपनी दर्जा आणि ग्राहक समाधानाला सर्वोच्च प्राधान्य देते. आम्ही सर्व प्रकारची कामं करतो."

असं चालेल: "अंबडला आमच्याकडे दोन व्हीएमसी आहेत. ॲल्युमिनियमचे छोटे पार्ट, पन्नास ते पाचशे नगांचे लॉट करतो. पॅनेल बनवणाऱ्यांकडे काम शोधतोय."

दुसऱ्या बोलण्यात समोरच्याला काहीतरी धरता येतं. रात्री जेवताना त्याला एखादा पॅनेलवाला आठवू शकतो. "सर्व प्रकारची कामं" ऐकून कोणीच आठवत नाही. जे होत नाही ते तिथेच सांगा: "स्टीलचं जड काम आमच्याकडे नाही, पण शेजारच्या गाळ्यात होतं." असं म्हणणारा माणूस लक्षात राहतो.

मग गप्प बसा आणि विचारा. सध्या काय अडतंय, माल कुठून येतो, कोणत्या महिन्यात धावपळ असते. पण पहिल्याच भेटीत टर्नओव्हर, सध्याच्या पुरवठादाराचा भाव किंवा मार्जिन विचारणं उद्धटपणाचं आहे. सध्याच्या पुरवठादाराची निंदा तर अजिबात नको. तो यांचा मेहुणा असू शकतो, आणि नाशिकमध्ये बऱ्याचदा असतोच.

संबोधनाचं थोडं भान ठेवा. कंपनीतल्या माणसाला "सर", "साहेब", "मॅडम". बागायतदाराला "भाऊ", "दादा", वयाने मोठा असेल तर "काका", "नाना", "अण्णा", जे आजूबाजूचे म्हणतात ते. वीस वर्षांचा सुपरवायझर असला तरी "अरे" नाही, "अहो". पुण्या-मुंबईच्या ऑफिसातून आलेले काही जण सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. गोंद्याच्या किंवा सातपूरच्या जुन्या मालकाला ते खुपतं, तो बोलून दाखवत नाही एवढंच.

"आडनाव काय? मूळ गाव कोणतं?" हा प्रश्न येणारच. गाव सांगा, तिथून गप्पा निघतात, त्यात वाईट काही नाही. पण "आपल्या समाजाचे आहात ना, मग आपलंच काम" यावर धंदा उभा करू नका. जातीच्या नावाने मिळालेलं काम जातीच्या नावानेच भाव पाडून मागतं आणि उधारीही त्याच नावावर लांबते. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की कोणी "आपला माणूस" म्हणाला की मी आधी पेमेंटची मुदत विचारतो.

स्त्री उद्योजकांसाठी एक सूचना. रात्रीच्या हॉटेलातल्या "गेट-टुगेदर"ला गेलं नाही तर मागे पडू, असं कोणी भासवलं तर मानू नका. भेट कारखान्यात, संघटनेच्या कार्यालयात, दिवसा ठेवा. रात्री अकरा वाजता "कोटेशनबद्दल बोलायचं होतं" असा मेसेज आला तर सकाळी दहाला, कामापुरतं उत्तर द्या. आणि पुरुषांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

५. त्याच दिवशी नोंद, दोन दिवसांत निरोप

आता ती वही. कार्यक्रमातून घरी आल्यावर प्रत्येक कार्डासाठी तीन ओळी लिहा: कुठे भेटले, काय बोलणं झालं, मी काय देतो म्हणालो. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. "त्या कोटिंगवाल्याचा नंबर पाठवतो" असं आपण सहज बोलून जातो आणि विसरतो. समोरचा विसरत नाही.

दोन दिवसांच्या आत मेसेज जावा. छोटा, नावाने, भेटीचा संदर्भ देऊन:

"नमस्कार पाटील साहेब. बुधवारी आयमाच्या कार्यक्रमात भेट झाली. तुम्ही पावडर कोटिंगवाल्याचं विचारलं होतं, नंबर खाली देतो आहे. त्यांना तुमच्या फोनची कल्पना दिली आहे. आमच्या कामाची एका पानाची माहिती सोबत आहे. सवडीने पाहा."

यात मागणी नाही, हे बघितलंत? मागणी नंतर. भेटायला जायचं तर वेळ ठरवून जा, आणि एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं धरू नका. फोन करून वार विचारा. गेटवर "जाता जाता आलो होतो" म्हणून उभं राहिलं की वॉचमनच्या वहीत नाव जातं, साहेबापर्यंत जात नाही.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एक आठवण. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, काही नवं सांगण्यासारखं असेल तर. रोज फोन करणाऱ्याचा नंबर लोक "नका उचलू" या नावाने सेव्ह करतात. मी स्वतः असे दोन-तीन केले आहेत.

व्हॉट्सॲपबद्दल स्पष्टच सांगतो. न विचारता कोणाला ग्रुपमध्ये घेऊ नका. संघटनेच्या ग्रुपमधून नंबर उचलून जाहिरातीची ब्रॉडकास्ट लिस्ट करू नका. गुड मॉर्निंग, राजकारण आणि देवाचे फोटो धंद्याच्या ग्रुपवर नकोत. ग्रुपवर कोणी विचारलं की "एसएस ३०४ चं लेझर कटिंग कोण करतं?" आणि ते तुम्ही करत असाल, तर "कॉल मी" एवढंच टाकू नका, जाडी किती, कुठे, कधीपर्यंत जमेल ते लिहा. तुम्ही करत नसाल आणि माहीत असेल, तर त्याचं नाव सुचवा. ग्रुपवरचा हा एवढाच काय तो शहाणपणाचा वापर.

६. ओळख मागताना आणि ओळख देताना

इथे थोडं सावकाश वाचा. बहुतेक संबंध इथेच बिघडतात.

मागताना नेमकं मागा. "काही काम असेल तर सांगा" यावर समोरचा "हो हो, नक्की" म्हणतो आणि विषय संपतो. "तुम्ही ज्या सिन्नरच्या कंपनीला पॅलेट देता, तिथल्या स्टोअर इन्चार्जशी माझी ओळख करून द्याल का? दहा मिनिटं सॅम्पल दाखवायचं आहे" असं विचारलं की तो विचार करू शकतो. आणि त्याला नाही म्हणायची वाट मोकळी ठेवा: "अवघड वाटत असेल तर राहू द्या." भिडेखातर मिळालेली ओळख अर्धवट असते. तो फोन करतो, पण असं बोलतो की पलीकडच्याला कळतं, हा मनाने सांगत नाहीये.

परवानगीशिवाय कोणाचं नाव वापरू नका. "मला अमुक साहेबांनी पाठवलंय" म्हणून गेटमधून आत जाता येतं, पण संध्याकाळपर्यंत अमुक साहेबांना कळतंच. एका ओळखीच्या परचेस मॅनेजरकडे कोणी तरी माझं नाव सांगून गेलं होतं. मी त्या माणसाला एकदा प्रदर्शनात पाहिलं होतं, बस. मॅनेजरांनी मला फोन केला, मी खरं ते सांगितलं. त्याच्यासाठी तो दरवाजा बंद झाला, कारण त्यांनी तसं स्टोअरलाही सांगून ठेवलं.

ओळख मिळाली की पुढचं काम तुमचं. ज्याने शब्द टाकला त्याला तीनदा कळवा. भेट ठरली तेव्हा, भेट झाली तेव्हा, आणि निकाल लागला तेव्हा, मग तो नकार का असेना. "सर, भाव जमला नाही, पण चांगलं बोलणं झालं, आभार" हा मेसेज न करणारे फार आहेत. मधला माणूस अंधारात राहतो आणि पलीकडून कोणी विचारलं तर ओशाळतो. काम मिळालं तर पहिला लॉट जपून द्या. उशीर होणार असेल तर पार्टीला सांगाच, पण मधल्या माणसालाही आधी सांगा. त्याला ते दुसऱ्याकडून कळता कामा नये.

देताना आधी दोघांना विचारा. नंबर सरळ फॉरवर्ड करणं म्हणजे ओळख देणं नव्हे. "त्यांच्या कामाचा मला अनुभव आहे" आणि "मी फक्त ओळखतो, काम पाहिलेलं नाही" यातलं जे खरं असेल ते स्पष्ट सांगा. दुसरं वाक्य बोलायला लोकांना जड जातं, पण तेच तुम्हाला वाचवतं. रेफरन्सच्या गटांत आठवड्याचा आकडा भरायचा म्हणून कसलेही नंबर पुढे सरकवले जातात. त्यापेक्षा त्या आठवड्यात रिकाम्या हाताने बसा.

कमिशनचा प्रश्न येतोच. दलाल किंवा एजंट असेल तर टक्केवारी आधी ठरवा, कोटेशनच्या आधी, कागदावर, आणि बिल घेऊन बँकेतून द्या. मित्राने सहज ओळख करून दिली असेल तर पाकीट पुढे करू नका, बऱ्याच जणांना तो अपमान वाटतो. दिवाळीला घरी जाऊन या. आणि कंपनीच्या नोकराला, परचेसवाल्याला, "साहेब, तुमचं बघू" म्हणून काही देणं ही लाच आहे. एकदा दिलंत की पुढचा भाव तुम्ही ठरवत नाही. तो माणूस बदलला की नवा साहेब जुन्या साहेबाची सगळी माणसं काढतो, तेव्हा तुमचाही व्हेंडर कोड जातो.

७. ओळखीच्या नावाने येणारे सापळे

*"सिंहस्थाचं काम मिळवून देतो."* २०२६-२७ चा कुंभमेळा आला की हे वाक्य प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येतं. मंत्रालयात ओळख आहे, मंडपाचं, टॉयलेटचं, बॅरिकेडचं काम पक्कं, फक्त आधी थोडी रक्कम. सरकारी कामाची निविदा राज्य सरकारच्या महाटेंडर्स पोर्टलवर निघते, अनामत रक्कम तिथेच ऑनलाइन भरायची असते. खाजगी खात्यात किंवा रोखीने काहीही द्यायचं नसतं. मोठ्या ठेकेदाराचा उपठेका घ्यायचा असेल तर त्याची वर्कऑर्डर बघा, तुमची ऑर्डर लेखी घ्या, ॲडव्हान्स घ्या.

*व्हेंडर नोंदणीची फी.* नावाजलेल्या कंपनीच्या नावाने ई-मेल येतो, पुरवठादार म्हणून निवड झाली, नोंदणी शुल्क भरा. ई-मेलचा पत्ता नीट वाचा आणि कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा.

*साखळी विक्री.* "एक बिझनेस ऑपॉर्च्युनिटी आहे, फोनवर नाही सांगता येणार, कॉलेज रोडला कॉफी घेऊ." फोनवर न सांगता येणारा धंदा नकोच. तुम्हीही नव्या ओळखीला अशा बैठकीला नेऊ नका. लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

*गटातली भिशी आणि हातउसने.* धंद्याच्या ओळखीत पैशाची भिशी मिसळली की एकाचा हप्ता चुकला तरी दोन्ही बुडतात. मी यात पडत नाही.

*भाव ठरवायच्या बैठका.* एकाच धंद्यातले लोक जमले की कोणीतरी म्हणतंच, "आपण सगळे मिळून भाव एकच ठेवू." कागदाचे भाव वाढले, वीज महागली यावर बोला. विक्रीचा भाव एकत्र ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही.

८. ओळखीतली उधारी

ओळखीच्या पार्टीला कोटेशन दिल्याशिवाय आणि पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) घेतल्याशिवाय माल देऊ नका. "आपल्यात काय कागद" म्हणणाऱ्याला हसून सांगा, "माझा सीए ऐकत नाही." सीएला दोष देणं चालतं, तो त्यासाठीच असतो.

नव्या पार्टीचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून बघा. नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, रिटर्न भरली जातात का, हे कोणालाही दिसतं. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. मग तिसऱ्या यादीतल्या, म्हणजे तुमच्याच धंद्यातल्या एखाद्याला फोन करा.

तुम्ही उद्यमखाली सूक्ष्म किंवा लघु उत्पादक अथवा सेवा देणारे असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने तुमचं पेमेंट ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत यायला हवं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय ही बाकी मुदतीत दिली नाही तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकराच्या हिशेबात ती खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे मार्च महिन्यात बरेच जण स्वतःहून फोन करतात. फक्त ट्रेडिंग करणाऱ्यांना या थकबाकीच्या तरतुदीचा लाभ नाही, हे नवे व्यापारी विसरतात. बिलावर उद्यम क्रमांक छापा. थकलंच तर केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते, पण तक्रारीनंतर ती पार्टी आणि तिच्या जवळची दोन-चार माणसं तुमच्याशी पूर्वीसारखी राहणार नाहीत. म्हणून ते पाऊल रक्कम मोठी असेल आणि फोन उचलणं बंद झालं असेल तेव्हाच. आणि ज्याने ओळख करून दिली त्याच्याकडे वसुलीसाठी जाऊ नका; त्याला एकदा कल्पना द्या, बास.

९. वर्षातून एकदा गट तपासा

मार्च संपला की वही काढा. कोणत्या ओळखीतून चौकशी आली, कोणत्या चौकशीतून काम, कोणत्या कामाचे पैसे वेळेत आले. आणि तुम्ही कोणाला काय दिलंत, हाही रकाना ठेवा. तो रिकामा असेल तर गट वाईट आहे म्हणण्याआधी एक वर्ष थांबा. दोन्ही रकाने रिकामे असतील तर सोडा.

सोडण्याचीही रीत असते. वर्गणी थकवून गायब होऊ नका. अध्यक्षांना फोन करून सांगा, हातात एखादी जबाबदारी असेल तर ती आणि तिचे कागद पुढच्याला द्या, सभासदांकडून आलेल्या ज्या चौकशा अर्धवट आहेत त्या एक तर पूर्ण करा किंवा नाही म्हणून कळवा. ग्रुपवर लांबलचक निरोपाचं भाषण आणि कुरबुरी टाकू नका. ज्या चार-पाच जणांशी तुमचा खरा व्यवहार आहे त्यांना स्वतंत्र फोन करून सांगा की बैठकीला येणार नाही, पण त्यांचा माल ठरल्या दिवशीच निघेल.